पडेगावचा थांबा कोणी हलवला

आमच्या ऑफिसात कुणी कुणाला तोंडावर बोलत नाही. तिथं तिकीट टाकतात. सॉफ्टवेअरमध्ये काही बिघडलं, की वेबसाइटवर एक पान उघडायचं आणि तीन रकाने भरायचे: तुम्ही काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं. या पानाला म्हणायचं तिकीट, आणि अशी सगळी तिकिटं जिथं साठतात तो ट्रॅकर. तिकीट टाकलं की त्याच्यावर 'ओपन' असा शिक्का बसतो. मग कोणीतरी ते दुरुस्त करतं, कोणीतरी तपासतं, कोणीतरी मंजूर करतं आणि शेवटी 'क्लोज्ड' असा शिक्का मारून त्याला गाडून टाकतं. ऑफिसच्या प्रमुखांनी, म्हणजे सरांनी, पहिल्या दिवशी हे सगळं मला समजावून सांगितलं, तेव्हा मी एकच विचारलं.

"ज्यानं बिघडवलं त्याचं नाव कुठल्या रकान्यात लिहायचं?"

सर हसले. "आपण इथं माणसं शोधत नाही. प्रॉब्लेम शोधतो."

ते हसणं मला तेव्हाच आवडलं नव्हतं.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. वसतिगृहाचं पाणी, बसचे पास, परीक्षेचे घोळ, कॉलेजच्या सगळ्या वर्षांत मी अभ्यासापेक्षा पत्रकं जास्त लिहिली आणि शहरातल्या चौकाचौकांत वाटली. आम्हाला लिहायला शिकवणारी एक ताई होती. ती म्हणायची, आपलं वाचणाऱ्याचा एक पाय रिक्षात असतो, त्याला वेळ नसतो. पहिल्या ओळीत कोणी केलं ते सांग, दुसरीत कुणावर केलं, तिसरीत आपल्याला काय पाहिजे. 'करण्यात आले', 'बदल झाला' असलं काही दिसलं की ती लाल पेनानं खोडायची आणि बाजूला लिहायची, 'कोणी?' तो 'कोणी' माझ्या डोक्यात कायमचा बसला. ट्रॅकरमध्ये त्याला रकानाच नव्हता. ज्या जागी 'कोणी' विचारायची सोय नसते, ती जागा कुणाच्या तरी सोयीची असते, असा माझा अनुभव आहे.

तरी नोकरी घेतली, कारण घरात ती पाहिजे होती. घर पडेगावात. वडील आणि भाऊ मेंढरं घेऊन दौलताबादच्या बाजूच्या माळावर जातात. वहिनी वाळूजच्या एका कारखान्यात पॅकिंगला, ठेकेदाराकडून. पहिल्या पाळीला कारखान्याची बस आमच्या गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीसमोर यायची आणि गल्लीतल्या बायका तिच्यात चढायच्या. बस चुकली की खाडा. खाडे वाढले की ठेकेदार काही बोलत नाही, फक्त गेटवरचा माणूस आत सोडत नाही. वहिनीच्या शेजारी काम करणारी एक बाई तशीच गेली होती.

आणि आमची कंपनी बनवते काय, तर याच बसगाड्या चालवणारं सॉफ्टवेअर. सिडकोत एका मिठाईच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस. जिन्यात कायम तुपाचा वास. गाडी कुठं थांबायची हे आमचं सॉफ्टवेअर ड्रायव्हरच्या मोबाइलला सांगतं. नकाशावर जिथं खूण, तिथं गाडी. मी टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामावर संशय घ्यायचा आणि त्याचा पगार घ्यायचा. एवढं माझ्या स्वभावाला जुळणारं काम मला दुसरीकडं मिळालं नसतं.

एका संध्याकाळी मी घरी आले तर वहिनी ओट्यावर पाय दाबत बसली होती. एरवी ती मला नावानं हाक मारते, अरे-तुरे करते. रागावली की 'वन्सं' म्हणते आणि अहो-जाहो सुरू करते.

"या वन्सं. तुमच्या कंपनीनं आमचा थांबा उचलून नेला की वो."

"कुठं नेला?"

"पार हायवेला. उताराच्या खाली, त्या बंद धाब्यापाशी. आम्ही सगळ्या गिरणीपाशी उभ्या, अन् गाडी सरळ वरून गेली. मागं पळालो तवा थांबली. ड्रायव्हर म्हणतो, ताई, मोबाइल जिथं दावतो तिथं थांबायचं. दुसरीकडं ब्रेक मारला तर वर साहेबाला लाल दिसतं म्हनं."

तो धाबा मला माहीत होता. तिथं दिवा नाही, फूटपाथ नाही. उतारावरून ट्रक सुसाट येतात आणि आपल्या बाजूनं पलीकडं जायचं म्हणजे दुभाजकावर चढायचं. तिथं पहाटे, अंधारात, हातात डबा घेऊन बायकांनी पळायचं.

"उद्याच बघते," मी म्हणाले.

"बघा. लवकर बघा. आज उशीर झाला म्हून ठेकेदारानं नाव इचारलं माझं. एरवी त्याला माझं नाव बी ठाव नव्हतं."

दुसऱ्या दिवशी मी तिकीट टाकलं. ताईच्या शिकवणीप्रमाणं टाकलं. पहिली ओळ: पडेगावचा थांबा कोणी हलवला? दुसरी ओळ: गल्लीतल्या बायका अंधारात हायवे ओलांडतायत. तिसरी ओळ: थांबा आजच्या आज गिरणीसमोर आणा.

आमच्याकडं एक सीनियर आहे, सगळे त्याला दादा म्हणतात. फुलंब्रीहून रोज मोटरसायकलवर येतो, कंपनीतला पहिला माणूस, ट्रॅकरही त्यानंच उभा केलेला. माझं तिकीट वाचून तो खुर्चीतून मागं वळला.

"अगं, हे तिकीट आहे का मोर्चा?"

"तुम्ही थांबा परत आणा, मी मोर्चा मागं घेते."

सगळे हसले. दादाही हसला. दुपारी माझ्या मोबाइलवर ट्रॅकरचा निरोप आला: तिकीट बंद. बंद करणारा, दादा. शेरा: 'थांबा ठरल्याप्रमाणेच आहे.'

मी त्याच्या पाठीकडं बघितलं. तो निवांत टाइप करत होता. समोर बसून हसतो आणि पाठ फिरवून शिक्का मारतो! मी तिकीट पुन्हा उघडलं. संध्याकाळपर्यंत ते पुन्हा बंद. या वेळी शेरा: 'डुप्लिकेट.' म्हणजे अशी तक्रार आधीच आली आहे. कुठली आधीची तक्रार? तर माझीच, सकाळची, जी बंद केली होती ती! मी तिसऱ्यांदा उघडलं. शेरा: 'आमच्याकडे असा प्रॉब्लेम दिसत नाही.' मी खाली लिहिलं, 'पडेगावला पहाटे या, दिसेल.' तिकीट बंदच राहिलं.

मग मी मागचं खणायला घेतलं. आमच्याकडं नियम असा, की चालू असलेल्या गोष्टीत बदल करायचा तर आधी बदलाची विनंती टाकायची, ती कोणीतरी तपासायची, कोणीतरी मंजूर करायची. ट्रॅकर या सगळ्याची नोंद ठेवतो. पडेगावचा थांबा हलवायची विनंती मला सापडली. मागणारा: दादा. तपासणारा: दादा. मंजूर करणारा: दादा. आणि हे सगळं एक चहा पिऊन व्हायच्या आत! गावातला सरपंचसुद्धा ठराव मांडायला आणि अनुमोदन द्यायला दोन वेगळी माणसं उभी करतो. इथं तेवढीही लाज नव्हती.

त्या दिवसापासून माझं लक्ष दादावर. तो फोन टेबलावर पालथा ठेवतो. पालथा का? त्याला फोन आला की जिन्यात जातो. जिन्यात का? आणि शनिवारी तर मला पुरावाच मिळाला. कारखान्याला या बसगाड्या पुरवणाऱ्या कंपनीचा, म्हणजे आमच्या क्लायंटचा, सुपरवायझर आमच्याकडं नेमानं यायचा, सरांच्या केबिनमध्ये चहा प्यायचा. त्या शनिवारी तो दौलताबादच्या सीताफळांची पाटी घेऊन आला आणि ती त्यानं कुठं ठेवली? दादाच्या टेबलावर.

"लो दादा, एकदम पके हुए हैं. आज ही खतम करना पड़ता," सुपरवायझर म्हणाला आणि केबिनमध्ये गेला.

दादानं पाटी सगळ्यांपुढं फिरवली. माझ्यापुढं आल्यावर मी हात मागं घेतला.

"खा की, नेत्या."

"कुणाचं आहे ते?"

"झाडाचं," दादा म्हणाला. "का, त्याचं पण तिकीट टाकणार?"

सगळं ऑफिस बिया थुंकत बसलं. मी एकटी कोरड्या तोंडानं. सुपरवायझर जाताना माझ्याकडं बघून मान हलवून गेला, फार अदबीनं. मला वाटलं, याला माझं नाव माहीत आहे.

घरी वहिनीचं बोलणं रोज कमी होत चाललं होतं. ती आता अर्धा स्वयंपाक रात्रीच उरकायची, म्हणजे सकाळी लवकर निघता येईल. गल्लीतल्या दोघी-तिघी दुभाजकावर हात धरून चढतात, तिची चप्पल तिथंच तुटली. एका सकाळी मधे ट्रकची रांग लागली आणि समोर उभी असलेली बस निघून गेली. खाडा लागला. दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं तिला गेटपाशी बाजूला घेऊन सांगितलं, की आणखी एकदा असं झालं तर तिकडूनच माघारी जायचं.

"वन्सं, तुमच्या त्या पडद्यावर माझा थांबा सापडला का?"

"सापडलाय. हलवणाराही सापडलाय."

"मला हलवणारा नगं. गाडी पायजे."

हे बोलणं मला झोंबलं. मग मी ठरवलं, आता पुरावे गोळा करत बसायचं नाही, समोरासमोर.

आमच्या इमारतीच्या कोपऱ्यावर चहाची गाडी आहे. दुपारी डबा झाल्यावर दादा तिथं एकटाच उभा होता, एका हातात चहाचा ग्लास, दुसऱ्या हातात खारी. मी जाऊन समोर उभी राहिले आणि सगळं एका दमात बोलले. थांबा, तीन-तीन वेळा बंद केलेलं तिकीट, मागणारा-तपासणारा-मंजूर करणारा, सीताफळं, सगळं. आजूबाजूचे रिक्षावाले ऐकायला लागले.

"किती मिळाले तुम्हाला?" मी शेवटी म्हणाले. "माझी वहिनी रोज त्या हायवेवर जीव मुठीत धरून पळते. तुम्हाला एका चहाच्या वेळेत तिचा थांबा हलवता येतो, आणि वर 'डुप्लिकेट' म्हणून लिहिता?"

दादाच्या हातातली खारी चहात बुडायची होती ती तशीच राहिली. "कोणी लिहिलं डुप्लिकेट?"

"तुम्ही!"

"मी तुझं तिकीट वाचलं त्या दिवशी. हसलो. नंतर उघडलं पण नाही. मला वाटलं, सर बघतायत."

"नाव तुमचं आहे."

"अगं पण…"

तेवढ्यात माझ्या हातातला मोबाइल वाजला. मी सकाळी चौथ्यांदा उघडलेलं तिकीट बंद झालं होतं. बंद करणारा: दादा. आत्ता.

मी मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरला. त्यानं वाचलं. मग आपल्या एका हातातल्या ग्लासाकडं बघितलं, दुसऱ्या हातातल्या खारीकडं बघितलं. त्याचा फोन खिशात होता. मीही त्याच दोन हातांकडं बघत उभी होते.

"मग कोण?" मी म्हणाले.

"ते लॉगिन सगळेच वापरतात," दादा हळू आवाजात म्हणाला.

"सगळे म्हणजे?"

"सगळे म्हणजे… सगळे. ट्रॅकरच्या फुकटच्या योजनेत तीनच खाती मिळतात. एक सरांचं, एक माझं, एक रिकामं होतं ते तुला दिलं. बाकीची पोरं माझ्याच नावानं आत जातात. पहिल्यापासून. पासवर्ड पाण्याच्या जारवर चिकटवलेला होता कित्येक दिवस."

तो जार मी रोज बघत होते. त्यावरची चिठ्ठी मला वायफायची वाटली होती.

आमच्याकडं माळावर पाच-सहा घरांची मेंढरं एकत्र मिसळतात. म्हणून प्रत्येक घराचा रंग ठरलेला. आमचा गेरू, डाव्या पुठ्ठ्यावर. दुसऱ्यांचा निळा, कुणाचा हिरवा. संध्याकाळी कुणाचं मेंढरू कुणाच्या शेतात शिरलं हे लांबून कळतं. इथं शिकल्या-सवरल्या लोकांनी सगळ्या कळपाला एकच रंग फासला होता आणि मग म्हणत होते, आम्ही माणसं शोधत नाही! शोधणार कसे? मी हे दादाला म्हणाले तर तो कसनुसा हसला.

"म्हणजे मी रंगाचा डबा."

"डबा उघडा टाकून ठेवलेला."

आम्ही वर गेलो. सगळी पोरं डबे धुवायला बेसिनपाशी रांगेत. एकही जण मशीनवर नव्हता. दादानं ते बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. ज्यानं शिक्का मारला होता तो बहुतेक या खोलीत नव्हताच.

दोघं सरांच्या केबिनमध्ये गेलो. दादानं सरळ विचारलं, "सर, माझं लॉगिन बाहेर कुणाला दिलंय का?"

सरांनी स्क्रीनवरून नजर काढली नाही. "सुपरवायझरना दिलं होतं मागं. फक्त बघायला. क्लायंट आहेत, त्यांना काम कुठवर आलं ते दिसावं म्हणून."

"बघायला वेगळी किल्ली नसते सर," मी म्हणाले. "तीच किल्ली दार उघडते, तीच लावते. ज्याच्या गाडीबद्दल तक्रार, त्याच्याच हातात तक्रार बंद करायचा शिक्का?"

"आवाज खाली. त्यांनीच केलं याला काय पुरावा? आपल्यातलंच एखादं पोरगं गंमत करत असेल."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादा बाहेर गेला. त्याच्या जागेवर बसला, काहीतरी टाइप केलं आणि परत येऊन केबिनच्या दारात उभा राहिला.

"पासवर्ड बदलला," तो म्हणाला. "आता बसू."

आधी बाहेरून आवाज यायला लागले. "दादा, लॉगिन होईना!" "दादा, ट्रॅकर मेला का?" "ए दादा, मला पण हाकललं." एकेक डोकं वर येत होतं, आणि मी प्रत्येकाकडं बघत होते, हा का? हा का? दादा म्हणाला, "ट्रॅकरला आज सुट्टी. कामं करा." पोरं आपापल्या स्क्रीनकडं वळली. आम्ही तिघं केबिनमध्ये तसेच. सरांनी कारण नसताना खण उघडला, बंद केला.

मग सरांचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं आणि उचलला नाही. परत वाजला. मी टेबलावरून हात पुढं करून फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला. नोकरी गेली तर गेली, असं तेव्हा वाटलं.

"सर, सलाम. वो तुमारा ट्रॅकर खुल नै रा. पासवर्ड बदले क्या?"

सरांना बोलावंच लागलं. "क्यों, क्या काम था?"

"कुछ नै सर, वोच एक मॅडम का तिकीट. रोज खोलती, रोज बंद करना पड़ता. परेशान कर दी. पडेगाव में अंदर मुड़े तो गाडी लेट होती ना सर, ऊपर रिपोर्ट में लाल आता. अब थांबा बाहर लिया तो सब हरा. मॅडम को समझाव जरा."

"मॅडम सुन रही है," मी म्हणाले.

पलीकडून आवाज आला, "सलाम मॅडम. सीताफळ कैसे थे?" आणि फोन बंद.

दादा तोंडावर हात ठेवून बाहेर गेला. हसायला गेला का रडायला, मला कळलं नाही.

सर म्हणाले, "ठीक आहे. थांबा जुन्या जागी घ्या. प्रत्येकाच्या वेगळ्या लॉगिनचं पुढच्या महिन्यात बघू." पुढचा महिना! तरी म्हटलं, आधी वहिनीचा थांबा. मी माझ्या नावानं बदलाची विनंती टाकली, नकाशावरची खूण स्वतः उचलून गिरणीसमोर ठेवली. त्याला काही शास्त्र लागत नाही. राहिली ती फक्त मंजुरी. संध्याकाळी ड्रायव्हरांच्या मोबाइलवर दुसऱ्या दिवसाचा मार्ग उतरतो. त्याच्या आत मंजुरी पडली नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धाबा.

आणि दादा निघून गेला होता. त्याच्या धाकट्या बहिणीची फुलंब्रीला हळद होती.

मी सरांकडं गेले. "तुम्ही मंजूर करा."

"मी?" सर म्हणाले. "माझं नाव नको. क्लायंटला उगाच वाटेल मी त्यांच्या विरुद्ध गेलो. दादाचंच टाका ना, तो काय म्हणणारे."

बघा. थांबा हलला तेव्हाही नाव दादाचं, परत येणार तेव्हाही दादाचं, आणि दोन्ही वेळा दादा जागेवर नाही! मला सुपरवायझरचा राग आला होता, पण तो निदान म्हणाला तरी की बंद करावं लागतं. सरांचा राग जास्त आला.

"नाहीतर तुम्हीच करून टाका," सर म्हणाले. "ट्रॅकर अडवत नाही तुम्हाला."

अडवत नव्हता, खरंच. एक बटण होतं. वहिनीचा फोन येऊन गेला होता, "झालं का?" मी बोट नेलं आणि थांबले. आज ना उद्या सर सुपरवायझरला नवी किल्ली देणार आणि तो ट्रॅकर उघडणार. मागणारी मी, हलवणारी मी, मंजूर करणारी मी, आणि चढणारी माझी वहिनी. तो सगळीकडं दाखवत फिरला असता, पोरीनं घरच्या बाईसाठी गाडी वळवली म्हणून. दोन दिवसांत थांबा परत हायवेला गेला असता आणि या वेळी मला तोंड राहिलं नसतं.

दादाला फोन लावला. मागं बायकांची गाणी, कुकरच्या शिट्ट्या, कोणीतरी पाट मागत होतं.

"थांब्याची मंजुरी पाहिजे, दादा."

"अगं टाक ना माझ्या नावानं. नवा पासवर्ड सांगतो, लिहून घे…"

"सांगू नका!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारची पोरगी दचकली. "आत्ताच बदललाय तो. तुम्ही स्वतः करा. मोबाइलवरून."

"माझे हात बघ कसे झालेत. हळद लागलीय सगळी."

"पुसा."

"नवीन शर्ट आहे गं."

"दादा, उद्या गाडी चुकली तर वहिनीला गेटवरूनच परत पाठवणारेत."

गाण्याचा आवाज लांब गेला. बहुतेक तो बाहेर अंगणात आला. त्याच्या आईचा आवाज आला, "कुणाचा फोन हाय रं?" "ऑफिसचा." "हळदीत बी? कशाचा थांबा म्हनती ती?" "पडेगावचा." "मंग दे की देऊन! बायामाणसं कामून उभी ठिवायची?" त्यावर तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. मग मला त्याचा श्वास ऐकू येत होता आणि तो तिकीट वाचत होता, अक्षरन् अक्षर, पुटपुटत. तिसऱ्या ओळीला त्यानं विचारलं, "खूण बरोबर गिरणीसमोर आहे? की गल्लीच्या आत?" मी म्हणाले समोर. त्यानं नकाशा मोठा करून बघितला. मला घाई झाली होती, पण तो बघत होता याचा मला राग आला नाही.

मोबाइल वाजला. मंजूर. मंजूर करणारा: दादा. शेरा: 'मीच आहे. हळदीतून. खूण तपासली.'

दुसऱ्या दिवशी पहाटे मी वहिनीबरोबर गिरणीपाशी गेले. तिचा विश्वास नव्हता. ती एक डोळा हायवेवर ठेवून उभी होती, साडीचा पदर खोचून, पळायच्या तयारीत. मला सांगत होती, "नाय वळली तर मी सरळ पळते, तू डबा घेऊन मागनं ये." तू म्हणाली हे माझ्या लक्षात आलं. वरून दिवे आले. उतारापाशी बस हळू झाली, आणि मला वाटलं, गेली धाब्याकडं. मग ती वळली. बायका खोचलेले पदर सोडून नीट उभ्या राहिल्या.

ड्रायव्हरनं दार उघडलं आणि माझ्याकडं वाकून बघितलं. "ताई, आज मोबाइल आत वळ म्हणाला. परत बदलत नाय ना?"

"बदललं तर कोणी बदललं ते दिसेल आता."

"दिसून काय व्हतंय?"

वहिनी पायरीवरून मागं वळून त्याला म्हणाली, "तुम्ही आमच्या वन्संला वळखत नाय," आणि आत जाऊन बसली.

दुपारी ऑफिसात कळलं, की सरांनी सुपरवायझरला स्वतःचं खातं काढून दिलंय. आमच्या पोरांना पुढचा महिना आणि त्याला दुपारच्या आत! फुकटच्या योजनेत जागा कुठून आली, मी विचारलं. सरांनी त्यांचं स्वतःचं खातं बंद करून ती जागा त्याला दिली होती. म्हणजे आता ट्रॅकरमध्ये सरांचं नाव कुठंच येणार नाही. मी ही गोष्ट लक्षात ठेवली आहे.

त्या नव्या खात्यातून पहिलं तिकीट आलं, ते माझ्या नावावर: 'पडेगाव थांबा. गाडी रोज लेट. फेरविचार करावा.' खाली सुपरवायझरचं स्वतःचं पूर्ण नाव. एका बटणात बंद करता आलं असतं. 'ठरल्याप्रमाणेच आहे' असा त्याचाच शेरा त्याच्या तोंडावर मारता आला असता, आणि खोटं कशाला सांगू, मी तो टाइप केला होता. मग पुसला. त्याऐवजी लिहिलं, की गाडी गॅरेजमधूनच उशिरा सुटते का ते आधी दाखवा. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

ते तिकीट उघडंच आहे. वहिनी संध्याकाळी चप्पल काढता काढता विचारते, "हाय का अजून त्याचं?"

"हाय."

"राहू दे. पर रोज बघत जा," ती म्हणते.

मी रोज बघते.